इफ्लक्स पंप आणि प्रोटीन सिक्रीशन शिकायचंय? टोलसीपासून सुरुवात करा

मायक्रोबायोलॉजीच्या बऱ्याच सिलॅबसमध्ये इफ्लक्स पंप (औषधासारख्या गोष्टी सेलबाहेर फेकणारा प्रोटीनचा पंप) येतो ड्रग रेझिस्टन्सच्या युनिटला आणि प्रोटीन सिक्रीशन (सेलने प्रोटीन बाहेर सोडणं) येतं पॅथोजेनेसिसला नाहीतर मॉलिक्युलर बायोलॉजीला, मधे कधी कधी अख्खं सेमिस्टर जातं, आणि मुलं दोन्ही टॉपिक वेगवेगळे पाठ करून मोकळी होतात. मीपण एमएस्सीला तसंच शिकले होते. पीएचडीला रेझिस्टन्सवर काम सुरू केलं आणि टोलसी नावाचं एकच प्रोटीन दोन्हीकडच्या पेपरमध्ये सारखं सारखं समोर यायला लागलं तेव्हा कुठे सगळं जुळलं. आता लॅबमध्ये एमएस्सी प्रोजेक्टला कोणी नवीन आलं की मी आधी त्यांना टोलसीच बघायला लावते, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढावं.

आधी अडचण काय आहे ते नीट समजून घ्या. ई. कोलायसारख्या ग्रॅम निगेटिव्ह बॅक्टेरियाला दोन मेम्ब्रेन असतात, आतली आणि बाहेरची, आणि मधे पेरिप्लाझम. आतल्या मेम्ब्रेनवर प्रोटॉन ग्रेडियंट असतो आणि सायटोप्लाझममध्ये एटीपी असतो, पण पेरिप्लाझममध्ये एटीपी नाही आणि बाहेरच्या मेम्ब्रेनवर ग्रेडियंटही नाही. म्हणजे कुठलीही गोष्ट बाहेर टाकायची तर एनर्जी आतल्या मेम्ब्रेनजवळच मिळणार आणि काम मात्र बाहेरच्या मेम्ब्रेनपलीकडे करून दाखवायचं. पंप घ्या नाहीतर सिक्रीशन सिस्टिम घ्या, प्रत्येक मशीन हाच प्रश्न आपापल्या पद्धतीने सोडवते. त्यामुळे कुठलीही नवीन सिस्टिम समोर आली की मी तीनच गोष्टी विचारते, एनर्जी कुठून घेतली, मेम्ब्रेन एका दमात ओलांडल्या की पेरिप्लाझममध्ये थांबून, आणि माल घडी घातलेला जातो की उलगडलेला. सीएसआयआर नेट परीक्षेच्या पार्ट सीमधले या टॉपिकवरचे प्रश्नसुद्धा फिरून फिरून इथेच येतात.

आता टोलसी. २००० साली केंब्रिजच्या कोरोनाकिस आणि ह्यूज यांच्या ग्रुपने याचं स्ट्रक्चर काढलं. तीन सारखे मोनोमर मिळून एकच नळी बनते, लांबी साधारण १४ नॅनोमीटर, त्यातला ४ नॅनोमीटरचा बीटा बॅरल बाहेरच्या मेम्ब्रेनमध्ये आणि बाकी १० नॅनोमीटर अल्फा हेलिक्सची नळी थेट पेरिप्लाझममध्ये लोंबणारी. आतल्या बाजूचं तोंड एरवी मिटलेलं असतं. प्लीज हे पुस्तकातल्या कार्टूनवर भागवू नका, पीडीबी या प्रोटीन स्ट्रक्चरच्या डेटाबेसवर टोलसी शोधा, फ्री व्ह्यूअरमध्ये उघडा आणि आडवं-उभं फिरवून बघा. प्रत्येक मोनोमर चारच स्ट्रँड देतो आणि तिघांचे मिळून बारा स्ट्रँडचा एक बॅरल होतो हे डोळ्यांनी दिसलं की परत विसरायला होत नाही.

या नळीला आतून कोण जोडलं जातं त्यावर काय बाहेर पडणार ते ठरतं. आतल्या मेम्ब्रेनमधलं ॲक्रबी जोडलं, मधे दुवा म्हणून ॲक्रए आलं, की झाला ड्रग पंप. हिमोलायसिन या लाल पेशी फोडणाऱ्या टॉक्सिनची एचएलवायबी-एचएलवायडी जोडी आली की तीच नळी अख्खं टॉक्सिन बाहेर सोडते, यालाच टाईप वन सिक्रीशन म्हणतात. १९९० मध्ये वांडर्समन आणि डेलेपेलेअर यांनी दाखवलं की टोलसी नसेल तर हिमोलायसिन बाहेर येतच नाही. बीएस्सीपासून आपण ब्लड अगारवर कॉलनीभोवतीचा क्लिअर झोन बघत आलोय, युरिन इन्फेक्शनच्या हिमोलायटिक ई. कोलायचा तो झोन टोलसीतून बाहेर पडलेल्या एचएलवायएमुळे (म्हणजे याच हिमोलायसिनमुळे) असतो हे मात्र कोणी सांगत नाही! एचएलवायए हे १०२४ अमिनो ॲसिडचं प्रोटीन, त्याचा सिग्नल (बाहेर जायची खूण) शेवटच्या सी-टर्मिनल टोकाला असतो आणि तो कापला जात नाही, ते उलगडलेलं जातं, दोन्ही मेम्ब्रेन एका दमात ओलांडतं, एनर्जी एचएलवायबी एटीपीतून देतं आणि बाहेर कॅल्शियम मिळालं की त्याची घडी बसते. बघा, वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका झटक्यात मिळाली.

ॲक्रबीवर थोडा जास्त वेळ द्या, कारण इंटरव्ह्यूला हमखास विचारतात आणि खरं सांगायचं तर या सगळ्यात मला सगळ्यात आवडणारं मशीन हेच आहे. हा आरएनडी फॅमिलीतला पंप, चालतो प्रोटॉनवर. पहिलं स्ट्रक्चर २००२ मध्ये जपानमधून आलं, मुराकामी आणि यामागुची यांच्याकडून, त्यात तिन्ही मोनोमर सारखे दिसत होते. मग २००६ मध्ये नवीन क्रिस्टल मिळाले आणि कळलं की तिघं एका वेळी तीन वेगळ्या अवस्थेत असतात, एकाचं तोंड ड्रगसाठी उघडं, दुसऱ्याने ड्रग खोल पॉकेटमध्ये घट्ट धरलेलं आणि तिसरा टोलसीच्या दिशेने सोडतोय, आणि मग पाळी बदलते. खोल पॉकेटमध्ये फेनिलॲलनिनची गर्दी आहे, म्हणून टेट्रासायक्लिन, नोवोबायोसिन, एथिडियम ब्रोमाईड अशी एकमेकांशी काही संबंध नसलेली मॉलिक्यूल तिथे बसू शकतात. शिवाय ड्रग पेरिप्लाझममधून आणि आतल्या मेम्ब्रेनच्या बाहेरच्या थरातूनच उचललं जातं, म्हणजे आत शिरण्याआधीच परत पाठवलं जातं.

पण हा पंप अँटिबायोटिकसाठी बनलाय असं समजू नका. ई. कोलाय आतड्यात राहतो, तिथे पित्त असतं आणि पित्तक्षार डिटर्जंटसारखे मेम्ब्रेन विरघळवतात, ते बाहेर काढणं हे याचं रोजचं काम. म्हणूनच टोलसी काढलेला म्युटंट डीऑक्सीकोलेट हा पित्तक्षार आणि एसडीएस हा डिटर्जंट यांच्या अगदी थोड्या डोसलाही मरतो. याउलट प्लाझमिडवरचा टेटए हा पंप टेट्रासायक्लिनपुरताच. अँटिबायोटिक बाहेर फेकूनही रेझिस्टन्स येतो हे आधी त्याच्यावरच कळलं, १९८० मध्ये लॉरा मॅकमरी आणि स्टुअर्ट लेव्ही यांनी टेट्रासायक्लिनवर दाखवलं. टेटए एमएफएस फॅमिलीतला आहे आणि तो ड्रग फक्त पेरिप्लाझमपर्यंत ढकलतो. पुढचं काम ॲक्रबीसारख्या पंपाला करावं लागतं, हे लक्षात ठेवा.

प्रोटीनच्या बाजूला सेक आणि टॅट हे दोन रस्ते पक्के करा. सेकमधून प्रोटीन उलगडलेलं जातं, सेकए एटीपी खर्च करून सेकवायईजी या आतल्या मेम्ब्रेनमधल्या चॅनेलमधून ढकलतं, सिग्नल पेप्टाईड पुढच्या टोकाला असतो आणि नंतर कापला जातो. टॅटमधून घडी घातलेलं प्रोटीन जातं, प्रोटॉनच्या जोरावर. मग कॉलरा टॉक्सिनचं उदाहरण घ्या, सगळं एकाच ठिकाणी येतं. त्याचे भाग सेकने पेरिप्लाझममध्ये येतात, तिथे डायसल्फाईड बाँड बनून पूर्ण टॉक्सिन जुळतं आणि मग टाईप टू सिस्टिम ते तयार टॉक्सिन बाहेरच्या मेम्ब्रेनमधून सोडते. आणि हे टॉक्सिन बॅक्टेरियाच्या बाहेर असतं हे कोणी दाखवलं? कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी, १९५९ मध्ये. कल्चर गाळून बॅक्टेरिया काढून टाकले आणि नुसतं फिल्ट्रेट सशाच्या आतड्याच्या लूपमध्ये घातलं तर लूप पाण्याने फुगला. आपल्याकडच्या प्रत्येक मायक्रोच्या विद्यार्थ्याला हा प्रयोग माहिती पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

टाईप थ्री, फोर, सिक्स यांच्या पार्टची नावं घोकत बसू नका, साल्मोनेलाची टाईप थ्री सुई होस्ट सेलमध्ये प्रोटीन टोचते, टाईप फोर डीएनएसुद्धा नेते, टाईप सिक्स शेजारच्या बॅक्टेरियावर हल्ला करते, सुरुवातीला एवढं बास. टाईप सेव्हन मात्र सोडू नका. टीबीच्या जंतूची ईएसएक्स-१ सिस्टिम ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रोटीन बाहेर टाकते आणि बीसीजीमध्ये डीएनएचा आरडी१ हा तुकडाच उडालेला असल्यामुळे ती दोन्ही नाहीत. म्हणून इग्रा ही रक्ताची टेस्ट किंवा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी स्किन टेस्ट बीसीजी घेतलेल्या माणसालाही चालते, जुन्या ट्युबरक्युलिन टेस्टचं तसं नाही.

आता लॅबबद्दल, कारण प्रोजेक्टला येणारी मुलं इथेच अडकतात. एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारा औषधाचा सगळ्यात कमी डोस) नीट करता येणं ही पहिली पायरी, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, कॅटायन ॲडजस्टेड म्युलर-हिंटन, वेलमध्ये शेवटी ५ लाख सीएफयू (वाढू शकणारे सेल) प्रति मिली, आणि प्रत्येक प्लेट-सेटबरोबर एटीसीसी २५९२२ या ई. कोलायच्या ठरलेल्या स्ट्रेनचा कंट्रोल. तो रेंजमध्ये नसेल तर बाकीचे आकडे वहीत लिहायचेच नाहीत. म्युटंट बहुतेक ठिकाणी कीओ कलेक्शनमधले असतात, ई. कोलायचा एकेक जीन काढलेल्या स्ट्रेनचं २००६ चं जपानी कलेक्शन, त्यात जीनच्या जागी कॅनामायसिनची कॅसेट असते. मग त्या म्युटंटवर कॅनामायसिनची एमआयसी काढण्यात काही अर्थ नाही, आधी पीसीपी२० या प्लाझमिडने कॅसेट काढून टाकावी लागते. आणखी एक बारीक गोष्ट, अख्खं ॲक्रबी काढलं की सेल दुसरे पंप वाढवून भरपाई करू शकतो, म्हणून आता ४०८ नंबरच्या अस्पार्टेटचं ॲलनिन केलेला म्युटंटही सोबत ठेवतात, त्यात प्रोटीन जागेवर असतं पण प्रोटॉन वाहून नेत नाही.

पंप चालतोय का हे बघायला एथिडियम ब्रोमाईडची इफ्लक्स ॲसे (टेस्ट) करतात. सेल लॉग फेजमध्ये हार्वेस्ट करून धुवायचे, सीसीसीपी घालून प्रोटॉन ग्रेडियंट पाडायचा म्हणजे पंप बंद, मग एथिडियम आत भरू द्यायचं, परत धुवायचं आणि ग्लुकोज घालायचं. एथिडियम डीएनएला चिकटलेलं असताना चमकतं, त्यामुळे ग्लुकोज मिळून पंप सुरू झाला की स्क्रीनवरची रेषा खाली येत जाते आणि टोलसी म्युटंटची रेषा जवळजवळ तशीच आडवी राहते, पहिल्यांदा बघताना फार भारी वाटतं. ओडी सगळ्यांची सारखी ठेवा, भरलेले सेल बर्फावर ठेवा, नायट्राईल ग्लव्हज घाला आणि वेस्ट वेगळं टाका, एथिडियम म्युटाजेन आहे. आणि नुसतं अक्युम्युलेशन कमी दिसलं म्हणून लगेच पंप वाढला असं लिहू नका, ओएमपीएफसारखा पोरिन (बाहेरच्या मेम्ब्रेनमधलं आत यायचं छिद्र) कमी झाला तरी आत कमीच जातं. पीएबीएन हा पंपाचा इनहिबिटर घातल्यावर एमआयसी उतरली तरी तोच सावधपणा पाहिजे कारण तो जास्त डोसला बाहेरची मेम्ब्रेनही ढिली करतो.

इनहिबिटर शोधायची हौस आपल्याकडे खूप जणांना असते, मिरीतल्या पायपरिनने स्टॅफिलोकोकसवर सिप्रोफ्लोक्सासिनचा परिणाम वाढतो हे २००६ मध्ये जम्मूच्या ग्रुपने छापल्यापासून प्रत्येक कॉलेजात काढे आणि अर्क टेस्ट होतात. करा, पण क्रूड अर्कावर थांबू नका, स्टॅफिलोकोकसचा नॉरए पंप असलेला आणि नसलेला स्ट्रेन शेजारी शेजारी लावा, फरक फक्त पहिल्यात दिसला तर पंपाबद्दल बोलता येईल.

पुढचं म्हणाल तर पीएचडीसाठी सीएसआयआर नेट, डीबीटीची बीईटी किंवा गेट, जेआरएफ फेलोशिपला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि एचआरए. एनसीसीएस, आयसर पुणे, टीआयएफआर अशा संशोधन संस्थांमध्ये अप्लाय करताना त्या लॅबचे दोन-तीन पेपर वाचून त्यातला एक कंट्रोल का ठेवलाय एवढं सांगता आलं तरी समोरचे लोक मन लावून ऐकतात. पीएचडी नको असेल तर सिक्रीशनची बाजू पकडा. पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या बायोफार्मा कंपन्यांमध्ये रिकॉम्बिनंट प्रोटीनची कामं असतात, आणि डायसल्फाईड बाँड लागणारं प्रोटीन, उदाहरणार्थ अँटिबॉडीचे तुकडे, ई. कोलायमध्ये बनवायचं तर पेलबीसारखा सिग्नल लावून पेरिप्लाझममध्ये पाठवणं हा नेहमीचा रस्ता आहे. त्यामुळे प्रोजेक्टमध्ये एकदा तरी ऑस्मोटिक शॉक देऊन पेरिप्लाझम वेगळं काढा, जेलवर सिग्नल कापलेला आणि न कापलेला असे दोन बँड ओळखायला शिका, आणि तो जेलचा फोटो सीव्हीबरोबर जपून ठेवा, इंटरव्ह्यूला बाकी मार्कांपेक्षा त्याच्यावरच जास्त वेळ बोलणं होतं.