घर विकताना एजंटकडून नेमकं काय करून घ्यायचं

आई गेल्यावर तिचं घर विकायची जबाबदारी माझ्यावर आली. दलाली वाचवायची म्हणून पहिले पाच महिने सगळं मीच केलं. फोटो काढले, जाहिरात टाकली, फोन घेतले, दर रविवारी किल्ल्या घेऊन दारात उभी राहिले. एकोणतीस जण घर बघून गेले. किमतीची गोष्ट काढली फक्त दोघांनी, आणि त्यातल्या एकाला तेवढं कर्ज मिळणारच नव्हतं, हे कळेपर्यंत माझे सहा आठवडे गेले. शेवटी एजंट नेमला. दलाली कशासाठी मोजायची आणि त्या बदल्यात काय मागून घ्यायचं, हे तेव्हा समजलं. ज्यांच्यावर हीच वेळ आली आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

एजंट म्हणजे गिऱ्हाईक आणणारा माणूस, ही समजूत आधी सोडा. जाहिरात कोणालाही टाकता येते. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात मालकांनी स्वतः विकलेल्या आणि एजंटमार्फत विकलेल्या घरांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मालकांना किंमत कमी मिळाली नव्हती. फरक पडला तो वेळेत: त्यांना जास्त दिवस लागले आणि घर विकलं जाण्याची शक्यताही कमी राहिली. म्हणून आधी स्वतःलाच विचारा, माझ्याकडे वेळ आहे का? खरेदीदार घरातला भाडेकरू किंवा शेजारीच असेल आणि बोलणी जवळपास झाली असतील, तर एजंटची गरज नाही. मूल्यांकन करणारा आणि वकील एवढे दोघे पुरतात.

एजंट नेमायचा ठरला तर किमान तिघांना घरी बोलवा आणि प्रत्येकाला किंमत विचारा. मला पहिल्याने सर्वांत मोठा आकडा सांगितला आणि ऐकून फार बरं वाटलं. पण तो आकडा कुठून आला, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. काम मिळवण्यासाठी जास्त किंमत सांगायची आणि करार झाल्यावर दर पंधरा दिवसांनी "थोडं खाली यावं लागेल" म्हणायचं, ही जुनी रीत आहे. तिसरे गृहस्थ आले, त्यांनी आधी खिडक्या उघडल्या आणि पाच मिनिटं गप्प उभे राहून रस्त्याचा आवाज ऐकला. मग कपाटामागच्या भिंतीवर तळहात ठेवला. तिथे ओल होती. इतक्या वर्षांत मला ती कधी दिसली नव्हती. त्यानंतर पिशवीतून जवळपास गेल्या सहा महिन्यांत विकल्या गेलेल्या चार घरांचे कागद काढले आणि म्हणाले, "ताई, मागितलेला भाव सोडा. हा मिळालेला भाव बघा." मी त्यांनाच नेमलं.

मी मनात धरलेल्या किमतीत आईने स्वयंपाकघराच्या दुरुस्तीवर केलेला खर्च होता, आणि तिची माया होती. खरेदीदार यातल्या कशाचेच पैसे देत नाही. जाहिरातीच्या पहिल्या काही आठवड्यांत घराकडे जेवढं लक्ष जातं तेवढं नंतर जात नाही. चार महिने पडून असलेलं घर बघायला येणारा मनात शंका घेऊनच येतो. म्हणून सुरुवातीचा भाव चुकू देऊ नका.

करार लेखी करा. मुदत तीन महिन्यांची ठेवा, म्हणजे काम पटलं नाही तर मोकळं होता येतं. जाहिरातीचा खर्च कोणाचा, तुमच्याच ओळखीतून गिऱ्हाईक आलं तर दलाली लागणार का, हे त्यात स्पष्ट असू द्या. दलाली इसाराच्या दिवशी देऊ नका. व्यवहार पूर्ण झाल्यावरच द्यायची, असं लिहून घ्या. आणि तो खरेदीदाराकडूनही पैसे घेणार आहे का, हे तोंडावर विचारा. घेणार असेल, तर तुम्ही किती खाली यायला तयार आहात तो आकडा त्याला कळू देऊ नका.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. टक्केवारीची दलाली एजंटला घाई करायला लावते. हिशोबापुरती ती २ टक्के धरा. थोडं थांबून किंमत ३ टक्के वाढली, तर ती वाढ जवळजवळ सगळी तुमची. एजंटच्या हाती येतात किमतीच्या ०.०६ टक्के. एवढ्यासाठी तो आणखी दोन रविवार कशाला घालवेल? लेविट आणि सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे १ लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचं घर विकताना ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि त्यांना सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळते, असं त्यात आढळलं. यात एजंट वाईट असतो असं मला म्हणायचं नाही, ओढ कुठली आहे ते ओळखून करार करा. आम्ही एक किंमत ठरवली: तिथपर्यंत नेहमीची दलाली, आणि त्यावर जे मिळेल त्यात त्यांचा मोठा हिस्सा. पहिली ऑफर आली तेव्हा "चार दिवस थांबू" असं तेच म्हणाले.

घर दाखवताना तुम्ही घरात थांबू नका. मला हे जड गेलं, पण मालकासमोर लोक कपाट उघडत नाहीत, नळ सोडून बघत नाहीत, मनातलं बोलत नाहीत. दर आठवड्याला एजंटकडून तीन गोष्टी मागा: किती फोन आले, किती जण बघून गेले, काय म्हणाले. आमच्याकडे आलेल्या अकरापैकी आठ जणांनी आतली खोली अंधारी असल्याचं सांगितलं. जाड पडदे काढले, भिंतींना फिका रंग दिला, आणि ती तक्रार थांबली. बघायला येणाऱ्याच्या कर्जाची तयारी किती आहे, हे आधीच विचारण्याचं कामही त्यांचंच. माझे सहा आठवडे तिथेच तर बुडाले होते.

खरी कसोटी इसारानंतर लागली. बँकेच्या माणसाला बंदिस्त केलेली बाल्कनी नकाशात सापडली नाही, कर्ज अडलं, आणि खरेदीदार फोन उचलेना. मी एकटी असते तर व्यवहार तिथेच मोडला असता. एजंटने जुन्या परवानगीची प्रत कुठे मिळेल ते सांगितलं, अर्ज माझ्याकडून लिहून घेतला, आणि त्या नऊ दिवसांत रोज संध्याकाळी खरेदीदाराशी बोलून त्याला धरून ठेवलं. तरीही करार वाचायला मी वेगळा वकील लावला होता. ते काम एजंटवर सोडू नका.

किल्ल्या देताना वीज आणि पाण्याच्या मीटरवरचे आकडे दोघांसमोर लिहून घ्या आणि त्यांचे फोटो काढा. दलालीचा धनादेश मी त्यानंतर दिला.