सुरत वाचायची तर कोणत्या पुस्तकापासून?

मराठी वाचकाची सुरत बहुधा शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या दोन स्वाऱ्यांत आटोपते. वाचनही तिथूनच सुरू केलं की लवकरच अडायला होतं, कारण एवढा पैसा या बंदरात आला कुठून, हे स्वारीच्या वर्णनात सापडत नाही. आधी व्यापारी वाचा, स्वाऱ्या नंतर.

सुरुवातीला बाळकृष्ण गोविंद गोखल्यांचं सतराव्या शतकातल्या सुरतेवरचं इंग्रजी पुस्तक पुरे. शेजारी तापीच्या मुखाचा नकाशा हवाच. नदी गाळाने उथळ, त्यामुळे मोठी जहाजं सुवालीच्या किनाऱ्याला नांगर टाकत. हे ध्यानात नसेल तर वखारींच्या पत्रांतला निम्मा व्यवहार कळत नाही.

त्यानंतर अशिन दासगुप्तांचं ‘इंडियन मर्चंट्स अँड द डिक्लाइन ऑफ सुरत’ (१९७९). जड आहे, पण टाळू नका. डच कंपनीच्या दप्तरातून त्यांनी मुल्ला अब्दुल गफूरसारखे इथले जहाजमालक उभे केलेत. मुघल, इराणची सफवी आणि तुर्कांची उस्मानी सत्ता एकाच सुमारास खिळखिळ्या झाल्या आणि सुरत बसली, असं त्यांचं म्हणणं. ते अखेरचं समजू नका. गुलाम नदरींचं अठराव्या शतकातल्या गुजरातवरचं पुस्तक (२००९) या ऱ्हासाच्या चित्रालाच आव्हान देतं. दोन्ही लागोपाठ वाचलेली बरी.

मग विल्यम फॉस्टरचे ‘द इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया’चे, म्हणजे इंग्रज वखारींच्या पत्रव्यवहाराचे, १३ खंड. सगळे वाचायचे नसतात. १६६१–६४ चा खंड घ्या आणि मागच्या सूचीतून सुरतेचा व्यापारी वीरजी व्होरा, सुवाली अशा नावांवरून आत शिरा. स्कॅन प्रतीत नुसता शोध मारला तर फसगत होते, एकाच नावाची स्पेलिंगं चार तऱ्हेची असतात. मालिका १६६९ ला संपते; दुसऱ्या स्वारीसाठी चार्ल्स फॉसेटची नवी मालिका काढावी लागते.

नवखे हमखास चुकतात ते तारखांत. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदले, म्हणून पहिली स्वारी मूळ पत्रांत जानेवारी १६६३ ची दिसते. शिवाय त्यांचं पंचांग डचांच्या १० दिवस मागे. शंका आली तर वार ताडून पाहा: ६ जानेवारी १६६४, बुधवार, हे इंग्रजांच्या जुन्याच पंचांगात जुळतं, डचांच्या हिशेबात तो १६ जानेवारी.

वजनांचंही तसंच. सुरती मण १६३६ च्या आधी सुमारे ३३ पौंड, पुढे सुमारे ३७, आणि शहाजहानी मण त्याच्या दुप्पट. निळीचे भाव मांडताना कोणता मण ते समासात लिहून ठेवा, नाहीतर भाव एकदम दुप्पट झालेले दिसतील.

सभासद बखर शेवटी. ती स्वारीनंतर कितीतरी वर्षांनी जिंजीत लिहिली गेली. मराठ्यांची नजर कळायला उत्तम, आकड्यांसाठी नाही. गुजराती लिपी जमत असेल तर गुजराती कवी नर्मदची ‘सुरतनी मुख्तेसर हकीकत’ही घ्या, आणि मूळ वखारदप्तर पाहायचंच तर ते मुंबईत, काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात आहे.