मोटारहोममधील पाणी: भरावे किती, राखावे कसे आणि सोडावे कुठे

मोटारहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, तयार करून घेणारे लोक पहिला प्रश्न विचारतात तो पाण्याची टाकी किती लिटरची बसवावी, हा. माझ्या मते त्याआधी सांडपाण्याची टाकी किती लिटरची आहे, हे पाहायला हवे. बेसिनमध्ये आणि न्हाणीत वापरलेले पाणी जवळजवळ सगळेच खाली साचते. त्यामुळे वरची टाकी १०० लिटरची आणि खालची ६० लिटरची असेल, तर खालची रिकामी करण्याची सोय सापडेपर्यंत तुमच्याजवळ ६० लिटरच पाणी आहे, असे समजून प्रवासाची आखणी करावी. हा हिशेब न केल्यामुळेच माणसे रात्री एखाद्या ओढ्याकाठी गाडी थांबवून सांडपाण्याची चावी उघडतात. ज्या जिल्ह्यात गोदावरी उगम पावते, त्या जिल्ह्यातल्या माणसाने तरी हे करू नये, असे मला मनापासून वाटते.

चार माणसे आणि दोन दिवस असा अंदाज धरू. उन्हाळ्यात पिण्यासाठी माणशी रोज चार लिटर आणि स्वयंपाकासाठी एक लिटर धरले, तर ४० लिटर लागतात, म्हणजे २० लिटरचे दोन जार. भांडी, हात-तोंड आणि किरकोळ धुणे यांसाठी काटकसरीने माणशी सहा लिटर धरले, तर आणखी ४८ लिटर होतात. आंघोळ मात्र सगळा हिशेब बिघडवते, कारण दहा लिटरची छोटी बादली धरली तरी दोन दिवसांत ८० लिटर वाढतात. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी न्हाणीघर मिळत असेल, तर आंघोळ तिथेच करावी.

पिण्याचे पाणी टाकीत भरू नये, ते वेगळ्या जारमध्ये किंवा झाकणाच्या स्टीलच्या पिंपात ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. टाकी आतून दिसत नाही, नळ्यांच्या वळणांत पाणी साचून राहते आणि मे महिन्याच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतले पाणी कोमट होऊन त्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही. पिंपाला तोटी असावी. नसल्यास लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, म्हणजे त्यात कोणाचा हात बुडणार नाही. वाटेत भरलेल्या पाण्याविषयी शंका असेल, तर ते खळखळून उकळावे किंवा क्लोरीनची गोळी वेष्टनावरच्या प्रमाणात टाकून निदान अर्धा तास थांबावे. पावसाळ्यात पाणी गढूळ असेल, तर आधी वेगळ्या भांड्यात तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यावा आणि निवळ पाण्यातच गोळी टाकावी, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनचा बराचसा जोर गाळावरच खर्च होतो. बोअरवेलच्या पाण्याचा खारेपणा आणि जडपणा गोळीने जात नाही. उकळल्यानेही खारेपणा तसाच राहतो. असे पाणी भांड्यांसाठी चालते, परंतु शॉवरच्या छिद्रांत आणि पाणी तापवण्याच्या यंत्रात त्याचा पांढरा थर धरतो.

वापराची टाकी खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लॅस्टिकची, अपारदर्शक आणि हात आत जाईल एवढ्या तोंडाची असावी. प्रकाश आत गेला की शेवाळ धरते. वर्षातून दोनदा, आणि गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर निघण्यापूर्वी, ती निर्जंतुक करावी. त्यासाठी ५ टक्के तीव्रतेचे, सुगंध नसलेले सोडियम हायपोक्लोराइट १०० लिटर पाण्याला १०० मिलिलिटर या प्रमाणात घ्यावे. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतावे, टाकी काठोकाठ भरावी आणि प्रत्येक नळ एकेक करून क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडावा. तसे केले नाही तर टाकी स्वच्छ होते आणि नळ्या तशाच राहतात. चार तासांनी सगळे पाणी घराच्या ड्रेनेजमध्ये सोडून वास जाईपर्यंत टाकी आणि नळ्या साध्या पाण्याने धुवाव्यात. ब्लीचिंग पावडर वापरू नये, कारण तिच्यातला चुना तळाशी बसून पंपापुढची गाळणी तुंबवतो. हायपोक्लोराइट आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि गाडीच्या बंदिस्त जागेत तो जिवावर बेतू शकतो.

टाकी घरूनच भरून निघावे, आणि तीही गच्चीवरच्या टाकीऐवजी नळाच्या थेट जोडणीवरून. उन्हाळ्यात पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यात जाताना तर हा नियमच मानावा. या भागात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो, पण एप्रिल-मेमध्ये अनेक पाड्यांवरच्या बायका दूरच्या विहिरीवरून हंड्याने पाणी आणतात. तिथे जाऊन कोणाकडे १०० लिटर पाणी मागणे मला योग्य वाटत नाही, मग देणारा कितीही मोठ्या मनाचा असो.

वजनाकडेही लक्ष हवे. १०० लिटर पाण्याचे वजन १०० किलो असते आणि ते वापरल्याने गाडी हलकी होत नाही. वजन फक्त वरच्या टाकीतून खालच्या टाकीत जाते. म्हणून दोन्ही टाक्या शक्य तितक्या खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये असाव्यात. मागच्या चाकांच्याही मागे जड टाकी आली, तर पुढच्या चाकांवरचा भार कमी होऊन स्टिअरिंग हलके लागते. अर्धी भरलेली टाकी कसारा घाटाच्या वळणांवर हिंदकळते आणि तो हेलकावा गाडीला जाणवतो. आत पाण्याचा हेलकावा अडवणारे आडवे पडदे असलेली टाकी घेतली, तर हे बरेच कमी होते.

गाडी चालू असताना पंप बंद ठेवावा. घोटीहून भंडारदऱ्याला जाताना माझ्या गाडीतला एक सांधा धक्क्यांनी निसटला आणि पंप चालूच राहिल्यामुळे, पोहोचेपर्यंत निम्मी टाकी पलंगाखालच्या अंथरुणांत मुरली होती. तेव्हापासून इंजिन सुरू करण्याआधी पंपाच्या बटणाला हात लावून खात्री करण्याची सवय मी लावून घेतली आहे. सगळे नळ बंद असताना पंप मध्येच क्षणभर सुरू होत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा पंपाचा आतला व्हॉल्व्ह नीट बसत नाही, असे समजावे. टाकी रिकामी झाल्यावर पंप कोरडा फिरू देऊ नये. भरताना पाणी उलटे बाहेर येत असेल, तर हवा निघण्याची नळी तुंबली आहे का, ते आधी पाहावे.

सांडपाण्याचा त्रास पाण्यापेक्षा त्यातल्या तेलामुळे आणि खरकट्यामुळे होतो. ताटे-कढया धुण्यापूर्वी कागदाने पुसून घ्याव्यात आणि बेसिनवर बारीक जाळी ठेवावी. एवढे केले तरी वास बराच कमी होतो. बेसिनखालच्या वळणातले पाणी रस्त्याच्या धक्क्यांनी सांडले की टाकीचा वास आत येतो, तेव्हा पोहोचल्यावर तिथे पेलाभर पाणी ओतावे. ही टाकी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये किंवा, शेतघराच्या मालकाची परवानगी घेऊन, शोषखड्ड्यात रिकामी करावी. गाडीतल्या संडासाची, मैला साठवणारी पेटी मात्र शोषखड्ड्यात ओतू नये. तिची जागा सेप्टिक टँकला जोडलेला संडास हीच आहे. पेटीत फॉर्मल्डिहाइड नसलेले रसायन वापरावे, कारण फॉर्मल्डिहाइडमुळे सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू मरतात. मुक्काम ठरवतानाच फोनवर ही सोय विचारून घ्यावी.

घरी परतल्यावर दोन्ही टाक्यांच्या खालच्या चाव्या उघडून त्या पूर्ण रिकाम्या कराव्यात, नळ उघडे ठेवावेत, गाळणी काढून धुवावी आणि टाकीच्या तोंडावर झाकणाऐवजी जाळीदार कापड बांधून ती वाळू द्यावी. पाणी भरण्याची नळी झटकून गुंडाळावी आणि तिची दोन्ही टोके एकमेकांत बसवून ठेवावीत, म्हणजे पुढच्या वेळी आत मुंग्या किंवा पाल सापडणार नाही.