टिप एकाच बाजूने झिजतेय? आधी पॉलिश पेपर खाली ठेवा

पूलवरून स्नूकरवर आलेली पोरं टिपला, म्हणजे क्यूच्या (खेळायच्या काठीच्या) टोकावरच्या चामड्याच्या चकतीला, पेनच्या रिफिलसारखी समजतात. संपली की बदलायची, बस. पूलची १२-१३ मिलिमीटरची रुंद टिप बरंच काही झाकून घेते. स्नूकरची टिप साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास, बॉल ५२.५ मिलिमीटरचा आणि टेबल बारा फुटी. टिपचा माथा केसभर बाजूला सरकला तरी मधोमध मारलेल्या पांढऱ्या बॉलला साइड, म्हणजे बाजूची फिरकी, लागते. जवळच्या पॉटला (बॉल भोकात घालताना) ते कळत नाही. लांबच्या पॉटला लाल बॉल भोकाच्या जबड्यात अडकतो, आणि मग क्लबातला प्रत्येक जण तुमचा पाय, कोपर, हनुवटी दुरुस्त करायला धावतो.

आमच्याकडे जळगावात एका जुन्या खेळाडूने मला ऐकवलं होतं, "टिप नही भो, तुना हात वाकडा शे." हात थोडा वाकडा होताही. पण क्लबात बसवून घेतलेली प्रत्येक नवी टिप क्यूच्या त्याच बाजूने झिजत होती, याकडे ना त्यांचं लक्ष होतं ना टिप लावून देणाऱ्याचं. स्पष्टच सांगतो, चांगला खेळणारा माणूस क्यूचं काम जाणतोच असं नाही. शॉट त्याच्याकडून शिका, क्यू मात्र त्याच्या हातात देऊ नका.

आधी खात्री करून घ्या. ब्राउनच्या जागेवर पांढरा ठेवा. निळ्या, गुलाबी आणि काळ्याच्या ठिपक्यांवरून तो सरळ वरच्या कुशनवर मारा, परत टिपकडे यायला हवा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल तर तो सराव कमी असल्याचा दोष आहे, मनावर घेऊ नका. दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर पुढचं नीट वाचा.

एकतर्फी झिजेची कारणं दोन, आणि दोन्ही दिसतात सारखीच. एक तर तुमचा फटका. आपण बहुतेक जण क्यू दर वेळी एकाच बाजूने धरतो, अ‍ॅशच्या लाकडावरच्या रेषांचे बाण वर ठेवून. त्यामुळे फटक्याची खोड टिपच्या एकाच भागावर उमटत राहते. दुसरं कारण म्हणजे टिपचा पाया. पितळी फेरूलचं (टिप जिच्यावर बसते त्या क्यूच्या टोकाच्या टोपीचं) टोक काटकोनात नसेल तर टिप जन्मापासूनच तिरकी बसते.

आता नव्यांचा घोळ कुठे होतो ते. पांढऱ्याच्या उजव्या अंगाला मारता तेव्हा टिपचा डावा भाग बॉलला लागतो. बॉल गोल आहे, टिपही गोल आहे, म्हणून असं होतं. स्क्रूसाठी (पांढरा मागे यावा म्हणून) खाली मारलं की टिपचा वरचा भाग झिजतो, फॉलोसाठी (तो पुढे जावा म्हणून) वर मारलं की खालचा. म्हणजे डावी कड झिजून बसलेली दिसली तर तुम्ही नकळत उजवीकडे मारत असण्याची शक्यता आहे, डावीकडे नव्हे. त्यात टिप बघायला क्यू स्वतःकडे वळवलात की डावं-उजवं पुन्हा उलटतं. हे डोक्यात ठेवणं अवघड आहे, म्हणून ठेवूच नका. फेरूलवर पेन्सिलने खूण करा, वरच्या बाजूला एक टिंब, डाव्या बाजूला दोन. मग काही दिवस नेहमीसारखं खेळा आणि कोणत्या टिंबाकडची बाजू बसली ते लिहून ठेवा. टिपला परत गोलाई द्या. आता क्यू उलटा धरा, एक टिंब खाली येईल असा, आणि तितकंच खेळा. खेळताना जी बाजू तुमच्या डाव्या हाताला बसत होती तीच पुन्हा डाव्या हाताला बसली, तर दोष फटक्यात. पण झीज टिंबांना धरून राहिली, म्हणजे क्यू फिरवला तशी तीही फिरली, तर दोष टिपच्या पायाचा. हे होईपर्यंत नवी टिप विकत घेऊ नका. भारीतली तर मुळीच नाही.

टिपच्या पायाचा दोष निघाला तर घाबरू नका, हात शाबूत आहे. जुनी टिप काढा, सरस खरवडा आणि सुताराचा गुण्या फेरूलला लावून उजेडाकडे धरा. फट दिसली की कारण सापडलं. इथे नुसत्या हाताने कानस मारायची नाही. टिप बदलताना प्रत्येक जण "थोडं घासून घेतो", आणि हात नेहमी एकाच अंगाला झुकत असल्याने दर खेपेला उतार वाढतो. उभ्या ड्रिल मशिनवर सागाच्या ठोकळ्यात सरळ भोक पाडून घ्या, फेरूल जेमतेम आरपार जाईल एवढं. क्यू मागे जाड होत जातो, तो भोकात आपोआप अडकतो. फेरूलचं टोक नखाच्या जाडीएवढं बाहेर डोकावलं की ठोकळ्याच्या पृष्ठभागाला लागून कानस मारा. पितळ पातळ असतं, जपून. लेथवर क्यू चढवू नका, कुणी कितीही फुकट करून देतो म्हणालं तरी. लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, लाकूड दबतं.

दोष फटक्यात निघाला तर सोपं औषध नाही, ब्राउनवरचा तोच सराव रोज करायचा. त्यावर एक शॉर्टकट सांगितला जातो, दर शॉटला क्यू थोडा फिरवत जा. त्याने टिप सारखी झिजते, खरं आहे. पण खोड तशीच राहते आणि ती दाखवणारा पुरावा पुसला जातो. शिकत असताना तरी फिरवू नका.

बाकी देखभाल थोडक्यात. गोलाई साधारण एक रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी पुरते. नवीन टिप दाबली जाऊन कडेने फुगते. तेव्हा तिचं तोंड खाली करून कडक फळीवर टेकवा, धारदार ब्लेडने फुगलेला भाग वरून खाली कापा, फेरूलला चिकटपट्टी गुंडाळा आणि बारीक पेपर फिरवा. कडेला थोडी थुंकी लावून चामड्याच्या तुकड्याने घासा, कड घट्ट होते. कड दीड-दोन मिलिमीटरवर आली की टिप बदला. चॉकचा (टिप घसरू नये म्हणून लावायच्या भुकटीचा) चौकोन टिपवर गरगर फिरवून त्यात खड्डा पाडू नका. १८९७ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या चॉकपासून त्यात सहसा खडू नसतो, सिलिका आणि घासणारी भुकटी असते. ती टिपच्या कडाच खाते. वरून हलकेच पुसल्यासारखं लावा.

आपल्याकडच्या हवेचंही बघावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, चामडं सुकून काचेसारखं चकाकतं, चॉक धरत नाही आणि मिसक्यू होतात, म्हणजे टिप बॉलवरून घसरते. अशा वेळी टिप बदलायची गरज नसते, वरून हलकं खरवडलं की भागतं. क्यू मात्र बंद गाडीत उन्हात ठेवू नका. पावसाळ्यात टिप मऊ पडून जास्त फुगते, तेव्हा कडा वरचेवर बघा.

टिप कोणती, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. शिकताना एल्क मास्टरसारखी साधी, एकसंध टिप घ्या आणि ती बसवायला स्वतः शिका. दोन-चार वाया जातील, जाऊ द्या. थरांच्या महागड्या टिपा नंतर. हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या फौजी मेसमध्ये जन्मला असं मानतात, म्हणजे भुसावळहून इटारसीमार्गे एका गाडीचा रस्ता. तरी सामान मागवायचं ते मुंबई-पुण्याहूनच, म्हणून दोन टिपा आणि ग्लूची ट्यूब कायम घरात ठेवा. ग्लू जेलसारखा घट्ट घ्या, पातळ ग्लू चामड्यात मुरून तळ दगडासारखा करतो. आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री टिप बदलायची नाही. नवी टिप दबून स्थिर व्हायला काही बैठका लागतात, त्या काळात दोनदा तरी गोलाई द्यावी लागते.