बार मिझ्वा : सेफेरवर कोणाला बोलवायचं, आणि कोणामागून कोणाला

तेरा वर्षांचा झालेला मुलगा सिनेगॉगमध्ये सेफेर, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचतो, ती बार मिझ्वा. मुलाचं वाचन पाठ झालंय, शब्बाथ, म्हणजे शनिवार, ठरलाय, जेवणाची ऑर्डर गेलीय, असं धरून चालते. उरली ती सेफेरवर, म्हणजे वाचनाच्या वेळी बेराखा (आशीर्वचन) म्हणायला, बोलवायच्या माणसांची यादी. मी स्वतः तेब्यावर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यावर, कधी चढलेले नाही. आमच्या सिनेगॉगमध्ये बायकांना सेफेरवर बोलवत नाहीत. पण घरातल्या नऊ पोरांच्या याद्या माझ्याच वहीत झाल्या, त्यामुळे 'ज्यांच्यावर जीव आहे त्यांना बोलवा' असला सल्ला कोणी दिला की मला हसू येतं. जीव सगळ्यांवरच असतो, जागा मात्र मोजक्या.

आधी जागा मोजा. शब्बाथच्या सकाळी सातजण आणि शेवटी मफ्तिर, म्हणजे अखेरचा वाचणारा. पहिली जागा कोहेनची, म्हणजे याजक घराण्यातल्याची, दुसरी लेवीची, म्हणजे मंदिरसेवकांच्या घराण्यातल्याची. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, लोकांत ही घराणी सहसा नसतात, म्हणून या दोन्ही जागा बहुतेक वेळा घरच्यांना मिळतात. तरी पाहुण्यांत कुणी कोहेन येणार आहे का, हे विचारून ठेवा. कोहेन आला आणि लेवी नसला, तर दुसऱ्यांदाही त्याच कोहेनला बोलवतात, आणि तुमचे दोघे मेहुणे खालीच बसून राहतात. फोटो काढता यावेत म्हणून काहीजण गुरुवार धरतात. खुशाल धरा, पण सोमवारी आणि गुरुवारी तीनच जणांना बोलवतात, चौथा वाढवता येत नाही, हे आजोबांना आधी सांगा.

आता खरी अडचण. बाप आणि मुलगा, किंवा सख्खे भाऊ, यांना लागोपाठ बोलवत नाहीत. कारण आपल्या कुठल्याही आजीला पटेल असंच आहे: दृष्ट लागते. हा नियम मला माहीत होता, तरी पहिल्या यादीत मी फसले. मानाप्रमाणे उतरत गेले: आजोबा, थोरले काका, मधले काका, मुलाचे वडील, मग मुलगा. कागदावर फार शोभून दिसलं. शनिवारी सकाळी हजानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, यादी वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी बायकांच्या गॅलरीतच ओढणी सावरत बसले. शब्बाथला पेन हातात घेता येत नाही, खोडाखोड कशी करणार? त्याने तोंडीच क्रम फिरवला, त्यात मधले काका राहून गेले, आणि पुढची दोन वर्षं काकूंनी माझ्या हातचा चहा घेतला नाही.

तेव्हापासून मी एकच रीत पाळते. वडिलांकडच्या दोन माणसांमध्ये आईकडचा एक माणूस. आधी कागदावर शेवटचं नाव लिहा, मुलाचं, मफ्तिरला. त्याच्या अगोदरची सातवी जागा वडिलांना कधीच नाही, ती थोरल्या काकांना. काका-पुतणे लागोपाठ चालतात. सहावी आईच्या वडिलांना, पाचवी मुलाच्या वडिलांना, चौथी मामाला, तिसरी वडिलांकडच्या आजोबांना. जावई-सासरे, मेहुणे-मेहुणे शेजारी आले तर कोणाचीच हरकत नसते. पहिली दोन मोकळी असली तर आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान. मधल्या काकांना हेखाल, म्हणजे सेफेर ठेवायचं कपाट, उघडायला द्या, आणि हे त्यांना तुम्ही स्वतः, निदान महिनाभर आधी सांगा. मुलाला सख्खा मोठा भाऊ असेल तर त्यालाही मुलाच्या लगेच आधी घालू नका. गुरुवार असला तर सोपं: वडील, मामा, मुलगा. हाच क्रम, दुसरा नाही. वडिलांना आपली जागा लांब वाटली तर समजवा, की मुलाचं झाल्यावर 'बारुख शेप्तारानी', म्हणजे मुलाची जबाबदारी उतरल्याची बेराखा, म्हणायला ते शेजारी उभे असणारच आहेत.

सिनेगॉगचा कारभार पाहणाऱ्या मुकादमांना एक फोन करा. त्या आठवड्यात दुसऱ्या कोणाची पुण्यतिथी असेल, कोणी नवरा मुलगा असेल, तर त्यांचाही हक्क असतो. घरची माणसं जास्तच असतील तर शब्बाथला सातावर आणखी चालतात का, हेही तेव्हाच विचारा. काही हजान देतात, काहींना वाचनाचे तुकडे पाडलेले आवडत नाहीत.

मग प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारा: बेराखा म्हणता येते ना? पंगतीत चारचौघांसमोर विचारलंत तर सगळे 'हो' म्हणतील आणि तेब्यावर घाम पुसतील. सेफेरवर बोलावलं आणि गेला नाही तर आयुष्य घटतं, असं तालमूद या धर्मग्रंथात आहे, त्यामुळे आयत्या वेळी कोणी नाही म्हणू शकत नाही. आधीची आणि नंतरची बेराखा देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून द्या. यात लाज कसली?

नावं हिब्रू हवीत, वडिलांच्या नावासकट. 'बाळूकाका' चालत नाही. 1796 साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुवेल येहेझकेल. आपल्या घरातही अशी दुहेरी नावं असतात आणि नेमकं हिब्रू नाव कोणालाच आठवत नाही. लग्नाचा केथुबा, म्हणजे करारपत्र, काढा, त्यात असतं.

सेफेर उचलायला खांदा धड असलेला माणूस. वय आणि मान तिथे पाहू नका; पेटीसकट तो चांगलाच जड असतो. जे नातेवाईक यहुदी नाहीत त्यांना सेफेरवर बोलवता येत नाही, त्यांना मलिद्याच्या ताटाशी आणि जेवणाच्या यजमानपणात मान द्या, आणि तो मनापासून द्या.

यादीच्या दोन प्रती, शुक्रवारी दिवे लावायच्या आत. एक हजानला, एक सिनेगॉगची व्यवस्था पाहणाऱ्या शामाशला.

मुलाचं वाचन संपल्यावर गॅलरीतून टाकायच्या गोळ्या मऊ घ्या. लिमलेट नको. एकदा हजानच्या चष्म्यावर बसली होती.