मांजर घरातच आहे पण सापडत नाही? आधी हे बघा

आमच्याकडं साताऱ्यात पाऊस लागला की कपडे वाळायची बोंब आणि मांजरांना ऊब शोधायचा नाद. फ्रिजच्या मागं कॉम्प्रेसरपाशी, इन्व्हर्टरच्या ट्रॉलीत, नुकत्याच लावलेल्या गाडीच्या बॉनेटखाली, कुठंही घुसतात. एवढ्याशा फटीतून कसं जातं म्हणाल तर त्याचं गळ्याखालचं हाड खांद्याला जोडलेलंच नसतं, डोकं गेलं की अंग जातंच.

सगळ्यात बेकार फ्रंट लोड मशीन. मेकॅनिक सांगतो दार उघडं ठेवा नाहीतर रबराला बुरशी धरते, आणि मांजरवाल्या घरात तेच उघडं दार म्हणजे आयती गादी. मग दार उघडं ठेवायचंच असेल तर बाथरूमचं दार लावून घ्या, आणि मशीन लावायच्या आधी आतले कपडे सगळे बाहेर काढून एकेक करून टाका, ड्रममध्ये हात फिरवा. नुसतं वाकून बघू नका, काळं मांजर काळ्या जीन्समध्ये दिसत नसतं.

चुकून चालू झालीच तर आधी मशीन बंद करा. आत पाणी असेल तर दार उघडणार नाही, ओढाताण करू नका. खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, तिथल्या फिल्टरमधून पाणी सोडा (गरम असेल तर हात जपून), एकदोन मिनिटांत लॉक सुटतं. घाईत स्पिनचं बटण अजिबात दाबू नका. मांजर चालतंय फिरतंय दिसलं तरी डॉक्टरकडं न्याच, छातीत पाणी गेलेलं नंतर त्रास देतं.

आता शोधायचं कसं. घाबरलेलं मांजर हाक मारली तरी ओ देत नाही, जवळ असून गप बसतं. आमचा बोका दिवाणात अडकला होता, चादर काढताना मीच फळी उघडी ठेवून फोनवर बोलत बसलो आणि नंतर बंद केली. अख्खी दुपार गल्ली पालथी घातली. संध्याकाळी लाईट गेली, पंखे फ्रिज सगळं गप झालं, आणि तेव्हा कुठं गादीखालून खर्र खर्र ऐकू आलं. तेव्हापासून काय हरवलं की आधी मेन स्विच पाडतो आणि पाच मिनिटं गप उभा राहतो, घरचे हसतात हसू देत. कपाट, पेटी, माळा, सोफ्याच्या खालचं फाटकं कापड, रिक्लायनरची पट्टी, सगळं बघा, आणि बघून झालेलं दार किलकिलंच ठेवा. रात्री दाराशी थोडं गव्हाचं पीठ भुरभुरवा, सकाळी पावलं उमटलेली दिसतात.

सापडल्यावर धापा टाकत असेल तर साध्या पाण्यानं ओलं करून पंख्याखाली घ्या, बर्फ नको, आणि तसंच डॉक्टरकडं. दोनतीन दिवस उपाशी राहिलेलं असेल, त्यात जाडजूड असेल तर लिव्हर बिघडतं, तेव्हा पोटभर खायला घालायच्या आधी डॉक्टरला फोन करा.