शैक्षणिक संकेतस्थळांमधील दुव्यांवर लघुप्रबंध करायचा असेल तर

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात लघुप्रबंधाचा विषय निवडताना बहुतेक जण वाचक-सर्वेक्षणाकडे वळतात. मी नागपुरात शिकत असताना शैक्षणिक संस्थांच्या संकेतस्थळांमधील दुवे हा विषय घेतला. प्रश्नावल्या वाटत हिंडावे लागणार नाही एवढ्याच कारणासाठी कोणी हा विषय घेणार असेल, तर त्यातले कष्ट कोठे आहेत हे त्याला आधी ठाऊक असलेले बरे.

दुवे गोळा करण्याचे काम क्रॉलर, म्हणजे संकेतस्थळाची पाने आपोआप चाळणारा संगणकीय प्रोग्राम, करतो. ते दुवे का दिले गेले हे मात्र माणसालाच पाने वाचून ठरवावे लागते, आणि लघुप्रबंधाचे मोल त्यावरच ठरते. वेबवरील माहिती आणि दुवे यांची मोजणी करणाऱ्या वेबोमेट्रिक्स या अभ्यासशाखेला आल्मिंड आणि इंगवर्सन यांनी 1997 मध्ये नाव दिले, तर 1998 मध्ये इंगवर्सन यांनी नियतकालिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या (त्यातील लेखांना सरासरी किती उद्धरणे मिळतात या मापाच्या) धर्तीवर ‘वेब इम्पॅक्ट फॅक्टर’ मांडला. दुवा म्हणजे एक प्रकारचे उद्धरणच, ही कल्पना त्यामागे होती. वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठातील माइक थेलवॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश विद्यापीठांमधील 414 दुव्यांचा यादृच्छिक नमुना कारणांनुसार वर्गवारी करून तपासला आणि 2003 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनी ही कल्पना बरीच सैल केली. नव्वद टक्क्यांहून अधिक दुवे अध्यापनासह व्यापक अर्थाने विद्याविषयक कारणांसाठी दिलेले होते. परंतु शोधनिबंधातील उद्धरणाशी तुलना करता येईल असे दुवे एक टक्काही नव्हते. दुव्यांतून दिसतो तो प्रामुख्याने अनौपचारिक विद्याव्यवहार: विद्यार्थ्यांसाठी दिलेली वाचनसामग्री, सहकाऱ्याचे पान, संयुक्त प्रकल्प, परिषदेची माहिती.

ही ब्रिटिश वर्गवारी नागपुरातील महाविद्यालयांना जशीच्या तशी लावता येत नाही. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांची संकेतस्थळे बाहेरचा व्यावसायिक तयार करतो आणि त्यावर काय टाकायचे हे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक किंवा एखादे ‘प्रभारी’ प्राध्यापक सांगतात. (संगणक बरा हाताळतात म्हणून हे काम गळ्यात पडलेले प्राध्यापक दुव्यांविषयी सर्वांत मोकळेपणाने बोलतात, त्यांना अवश्य भेटा.) अशा ठिकाणी विद्यापीठ अनुदान आयोग, नॅक (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी परिषद) किंवा शोधगंगा (भारतीय प्रबंधांचे ऑनलाइन भांडार) यांचे दुवे शिफारस म्हणून आले, मूल्यांकनाच्या तयारीत आले, की संकेतस्थळाच्या तयार साच्यातच होते, हे वेगळे नोंदवावे लागते. त्यासाठी ‘प्रशासकीय अपेक्षा’ हा स्वतंत्र वर्ग करावा. ‘कारण ठरवता आले नाही’ हा वर्गही ठेवावाच. तो रिकामा राहिला, तर वर्गीकरणात ओढाताण झाली असावी अशी शंका परीक्षकांना येते आणि ती रास्त असते.

नमुना घेताना पानाच्या तळाशी कायम असणाऱ्या दुव्यांपासून सावध राहावे. समजा, एका संकेतस्थळाच्या 800 पानांच्या तळाशी विद्यापीठाचा एकच दुवा आहे. पानागणिक मोजला तर त्याचे 800 दुवे होतात, प्रत्यक्षात निर्णय मात्र कोणीतरी एकदाच घेतलेला असतो. थेलवॉल यांनी याच कारणासाठी पान, डिरेक्टरी (पानांचा एक फोल्डर), डोमेन (पत्त्यातील नाव) आणि संपूर्ण संकेतस्थळ अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर मोजणी करण्याची पद्धत सुचवली. आपण कोणती पातळी घेतली आणि का, हे पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहावे.

नागपुरात विद्यापीठ, व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था, नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था एकाच शहरात असल्यामुळे त्यांचे परस्पर दुवे तपासण्याचा मोह होतो. तो विषय चांगला आहे. मात्र नीरी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, तर कापूस संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, त्यामुळे पालक संस्थेकडे जाणारे दुवे वेगळे काढल्याशिवाय तुलना निरर्थक ठरते. शिवाय दोन संस्थांमध्ये दुवा नाही, म्हणून संबंध नाही असे लिहू नये. एकत्र काम करणाऱ्या संशोधकांना आपल्या संस्थेच्या पानावर काही टाकण्याचा अधिकार असतोच असे नाही.

वर्गीकरण एकट्याने करू नये. त्याच नमुन्यातील काही दुवे वर्गमित्राकडून स्वतंत्रपणे वर्गीकृत करून घ्यावेत आणि दोघांच्या निर्णयातील मेळ कोहेनच्या काप्पाने (योगायोगाने जुळणारे निर्णय वजा धरून मेळ मोजणाऱ्या सांख्यिकी मापाने) मोजावा. ज्या दुव्यांवर मतभेद झाला, त्यांची चर्चा लघुप्रबंधात सविस्तर द्यावी. मौखिक परीक्षेत त्याविषयीच अधिक विचारले जाते. प्रत्येक पान पाहिल्याची तारीख नोंदवून त्याची प्रत जतन करावी, कारण संकेतस्थळाचे नूतनीकरण झाले की जुने दुवे आणि त्यांच्याभोवतीचा मजकूर दोन्ही नाहीसे होतात, आणि त्या मजकुराशिवाय कारण ठरवता येत नाही.